'सिथुरिझम' आणि आपली सळसळ



शब्दांचा संग्रह करणें हा चांगला छंद आहे. टपालाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविणाऱ्यास जो आनंद होतो, तोच नवा शब्द सांपडलेल्या विद्यार्थ्यास होतो. आणि त्यास खर्च मात्र कांहींच पडत नाहीं. हल्लीं मोबाईलवर दुर्मिळ इंग्रजी शब्द कोणीतरी कोणास पाठवीत असतो व ते आपल्या वह्यांत उतरतात. अशा शब्दांपैकीं एक शब्द 'सिथुरिझम' हा होय. झाडांच्या पानांतून वारा वाहतांना जो आवाज होतो, त्याचें हें नांव. शब्द गोड आहे, अर्थ त्याहून गोड आहे, आणि तो ऐकल्याबरोबर कित्येक विद्यार्थी म्हणतात, "इंग्रजी भाषा किती श्रीमंत पहा! झाडांच्या आवाजासहि तिच्यांत स्वतंत्र शब्द आहे. आमच्या मराठींत असें कांहीं आहे काय?"

या प्रश्नाचें उत्तर देणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. माझें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. हा शब्द अवश्य शिकावा. परंतु तो मिरविण्यासाठीं नव्हे, तर कान उघडण्यासाठीं. आणि कान उघडल्यावर जें ऐकूं येईल, तें आपल्या शब्दांत लिहावें.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. तो ग्रीक आहे. ग्रीक भाषेंत 'प्सिथुरिझो' म्हणजे कुजबुजणें आणि 'प्सिथुरिस्मोस' म्हणजे कुजबूज. प्राचीन ग्रीक लोक आरंभींचे 'प' आणि 'स' हे दोन्ही वर्ण उच्चारीत असत. इंग्रजांच्या जिभेस तो जोड झेपत नाहीं; म्हणून 'साम्स' आणि 'सायकॉलॉजी' या शब्दांप्रमाणेंच येथेंहि 'पी' हें अक्षर लिहावयाचें, पण उच्चारावयाचें नाहीं. मूळ ग्रीक उच्चार एकदां सावकाश करून पहा. ओठांतून सुटणारा वारा आणि दांतांवरून सरकणारा श्वास यांचाच तो बनलेला आहे. ज्यास आपण व्याकरणांत अनुकरणवाचक शब्द म्हणतों, त्याच जातीचा तो आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सिराक्यूज येथील थिऑक्रिटस नांवाचा कवि होऊन गेला. गुराख्यांच्या जीवनावर काव्य लिहिण्याची पाश्चात्त्य परंपरा त्याच्यापासून सुरू झाली. त्याच्या पहिल्याच गोपगीताच्या आरंभीं झऱ्याजवळच्या पाइन वृक्षाच्या आवाजास याच कुळांतील शब्द योजिलेला आहे.

आतां यांतील गंमत अशी कीं, इंग्लंडांत जो शब्द मोठ्या कोशाच्या एखाद्या कोपऱ्यांत पडून आहे, त्याचेंच कूळ ग्रीस देशांत रोज बोलण्यांत आहे. आजच्या ग्रीक भाषेंत कुजबुजीस 'प्सिथिरोस' म्हणतात. वर्गांत शेजाऱ्याच्या कानाशीं लागून बोलणाऱ्या अथेन्सच्या मुलाचे शिक्षक याच शब्दानें त्यास दटावूं शकतील. त्यास या शब्दांत कांहींच अपूर्व वाटणार नाहीं. याचा अर्थ काय? दुर्मिळपणा हा शब्दाच्या अंगचा गुण नव्हे. तो अंतराचा परिणाम आहे. आपल्या घरची 'सळसळ' जर कोणी लंडनच्या एखाद्या मासिकांत नेऊन ठेवील, तर तेथील विद्यार्थीहि ती वहींत टिपून घेतील आणि म्हणतील, "मराठी भाषा किती श्रीमंत!"

असो. शब्द शिकावयाचा तर त्याचा योग्य उपयोगहि शिकला पाहिजे. सिथुरिझम हा शब्द झाडापानांच्या आवाजापुरताच आहे. वादळांत पत्रा वाजतो किंवा दाराच्या फटींतून वारा शीळ घालतो, त्यास हें नांव देणें चूक होय. त्याचे शेजारीहि ओळखून असावें. 'ससरस' हा लॅटिन शब्द कोणत्याहि मंद, अखंड कुजबुजीस चालतो. रोमन कवि व्हर्जिल यानें आपल्या पहिल्या गोपगीतांत तो कुंपणावरील मधमाशांच्या गुणगुणीस लाविला आहे. 'सफ' किंवा 'साउ' असा दोन तऱ्हांनीं उच्चारला जाणारा शब्द जुन्या इंग्रजींतून आलेला असून तो वाऱ्याच्या दीर्घ, उसासा टाकल्यासारख्या आवाजाचा आहे. 'रसल' हा वाळकीं पानें, कागद व कापड यांचा आवाज. हे भेद ज्यास कळले, त्यास इंग्रजी थोडी अधिक कळली असें मी म्हणेन. परंतु परीक्षेच्या निबंधांत सिथुरिझम लिहिणाऱ्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, ज्या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्यास कोशांत पहावा लागतो, तो शब्द वाचणाऱ्यास झाडापाशीं न नेतां कोशापाशीं नेतो.

स्वतः इंग्रज ग्रंथकारांनीं काय केलें आहे? टॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या १८७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'अंडर द ग्रीनवुड ट्री' या कादंबरीच्या आरंभींच असें सांगितलें आहे कीं, रानांत राहणाऱ्यांस प्रत्येक जातीचें झाड त्याच्या आवाजावरून ओळखतां येतें. हार्डीनें तेथें एकच दुर्मिळ नाम योजिलें नाहीं. कोणतें झाड हुंदके देतें, कोणतें शीळ घालतें, कोणतें फुसफुसतें, हें त्यानें नेहमींच्या साध्या क्रियापदांनीं सांगितलें. अमेरिकेंतील निसर्गप्रेमी जॉन म्यूर हा तर १८७४ च्या डिसेंबरांत वादळ चालू असतां एका उंच डग्लस स्प्रूस वृक्षाच्या शेंड्यावर चढून बसला आणि प्रत्येक झाडाचा आवाज निराळा ऐकूं येतो कीं काय, हें त्यानें स्वतः अनुभविलें. त्याचें वर्णन त्याच्या १८९४ च्या पुस्तकांत आहे. या दोघांची थोरवी त्यांच्या शब्दसंग्रहांत जितकी आहे, त्याहून अधिक त्यांच्या कानांत आहे.

आतां आपल्याकडे वळूं. संस्कृतांत वाऱ्याच्या आवाजाची हेळसांड झालेली नाहीं. अमरकोशांत वस्त्रांच्या व पानांच्या आवाजास 'मर्मर' आणि अलंकारांच्या आवाजास 'शिंजित' अशीं वेगवेगळीं नांवें दिलीं आहेत. त्याच कोशांत वाऱ्यानें वाजणाऱ्या वेळूस 'कीचक' हें खास नांव आहे. म्हणजे झाडाच्या जातीबरोबर त्याच्या आवाजाचीहि नोंद झाली. पिंपळाच्या नांवांत 'चलदल' असें एक नांव आहे. ज्याचीं पानें सदा हलतात तो. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत हिमालयांतील वाऱ्याचें वर्णन करितांना भूर्जपत्रांची मर्मर आणि कीचकांचा ध्वनि हीं दोन्ही एकाच श्लोकांत आणिलीं आहेत. आणखी एक गोष्ट. लॅटिन भाषेंत कुजबुजीस 'मुर्मुर' म्हणतात व त्यावरून इंग्रजींत 'मर्मर' हा शब्द आला. आपली मर्मर आणि ती मर्मर या दूरच्या बहिणी होत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पान सगळीकडे एकाच तऱ्हेनें बोललें व माणसानें तें सगळीकडे जवळजवळ सारखेंच ऐकलें.

मराठीकडे पाहिलें तर ही संपत्ति आणखी वाढलेली दिसते. आपल्या अंबाडीच्या आसपासचींच झाडें घ्या. पिंपळाचें पान लांब, बारीक देंठावर लोंबतें; अंगास न जाणवणाऱ्या झुळुकेनेंहि तें हलतें व त्याची सळसळ होते. केळीचें फाटलेलें पान फडफडतें. ताडाच्या कडक झावळ्यांचा खडखडाट होतो. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानें खुळखुळतात. कळकाच्या बेटांत एक वेळू दुसऱ्यावर घासला म्हणजे करकर ऐकूं येते. फाल्गुनांत सागाचीं मोठीं, खरबरीत पानें गळून पडतात आणि वारा त्यांना रस्त्यावरून खरखरत ओढीत नेतो. कार्तिकांत पिकलेल्या भाताच्या शेतावरून वारा गेला कीं लोंब्यांची सरसर एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत धांवते. खालीं समुद्रकांठीं गेलें म्हणजे सुरूच्या बनांतून सूं सूं असा एकसारखा सूर येतो. हा झाला झाडांचा आवाज. खुद्द वारा मृगाच्या आधीं भणाणतो, रात्रीं कौलांखालीं घोंघावतो, मोकळ्या माळावर सोसाट्यानें सुटतो. आणि आमच्याकडील वारली बांधव तर दुधी भोपळा, बांबू व ताडाचें पान यांच्या तारप्यांत आपला श्वास भरून वाऱ्यालाच नाचावयाचा सूर देतात.

हे शब्द केवळ कवींनीं रचलेले नाद नव्हेत. त्यांत निरीक्षण आहे. चेक शास्त्रज्ञ व्हिन्सेन्ट्स स्ट्रौहाल यानें १८७८ सालीं वाऱ्यांत वाजणाऱ्या तारांवर प्रयोग केले. पुढें असें समजलें कीं, बारीक गोल वस्तूवरून वारा जातांना तिच्या मागें आळीपाळीनें भोंवरे सुटतात व त्यांच्या गतीनें सूर उत्पन्न होतो. वाऱ्याचा वेग वाढला तर सूर चढतो. वस्तु जाड असली तर उतरतो. सेकंदास ८ मीटर वेगाचा वारा ४ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून गेला तर सेकंदास सुमारें ४०० आंदोलनांचा सूर निघतो. तोच वारा १ मिलिमीटर जाडीच्या काडीवरून गेला तर सुमारें १६०० आंदोलनांचा. सुरूच्या काड्या अशाच बारीक असतात; म्हणून त्यांचा आवाज चढा व अखंड, आणि म्हणून आपण त्यास 'सूं' असा लांबवितों. पिंपळाचें पान मात्र फडकतें, शेजारच्या पानावर आपटतें, सुटतें व पुन्हां आपटतें. तो आवाज तुटक असतो. म्हणून भाषेनें त्याची द्विरुक्ति केली, सळ आणि पुन्हां सळ. ज्या अशिक्षित पूर्वजानें हा शब्द प्रथम उच्चारला, त्यास भौतिकशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु त्याचा कान खोटें बोलला नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, भाषा उसनवारीनेंच वाढते; टेबल, पेन्सिल, स्टेशन हे शब्द आपण घेतलेच ना? मग सिथुरिझम कां घेऊं नये? आक्षेप योग्य आहे. सळसळ हा शब्द केवळ झाडाचा नाहीं, हेंहि मला मान्य आहे. साप पाचोळ्यांतून सळसळतो, रेशमी लुगडें सळसळतें, तरुणाचें रक्तहि सळसळतें. केवळ झाडांतील वाऱ्यासाठींच राखून ठेवलेलें असें एक नाम मराठींत रोजच्या बोलण्यांत नाहीं. 'पर्णमर्मर' असा समास करितां येईल. परंतु तो पुस्तकांतच शोभेल. तरीहि माझें उत्तर असें आहे. टेबल आलें तेव्हां त्याच्याबरोबर वस्तूहि आली. तिला घरांत नांव नव्हतें. झाडांतील वारा मात्र आपल्या दारीं नवा आलेला नाहीं. शिवाय सळसळ या शब्दापासून सळसळणें, सळसळाट, सळसळता अशीं रूपें होतात. तो वाक्यांत कोणत्याहि जागीं बसतो. सिथुरिझमपासून मराठींत कांहीं फुटणार नाहीं. परक्या झाडाची तोडलेली फांदी फुलदाणींत ठेवावी, तसा तो दोन दिवस शोभेल. भाषेची श्रीमंती एका वस्तूस एक विचित्र नांव असण्यांत नाहीं. एका वाऱ्याचे दहा आवाज दहा माणसांस वेगळे सांगतां येण्यांत आहे.

मित्रहो, जी हानि मला वाटते ती वेगळीच आहे. आमच्या वर्गांत कुणबी, आगरी, कोळी, वारली, कातकरी अशा अनेक घरांतील मुलें शेजारीं शेजारीं बसतात. भिवंडीच्या यंत्रमागांमुळें जीं कुटुंबें दुरून या तालुक्यांत आलीं, त्यांच्या घरीं तेलुगू, हिंदी किंवा उर्दू बोललें जातें. या मुलांपैकीं कित्येकांच्या आज्यांपाशीं वाऱ्याचे, पावसाचे, रानाचे असे शब्द असतात कीं ते कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहींत. पण मूल निबंध लिहावयास बसलें कीं तो शब्द गिळून टाकतें, कारण तो 'गांवंढळ' ठरेल अशी त्यास भीति वाटते. परक्या शब्दाची लाज नाहीं. घरच्या शब्दाची लाज! ही उलटी रीत होय. ज्या मुलानें सिथुरिझम लिहिला त्याची वाहवा आणि ज्यानें आजीचा शब्द लिहिला त्याच्या वहीवर तांबडी रेघ, असा न्याय कोणत्याहि शाळेंत होऊं नये, असें शिक्षकवर्गासहि माझें नम्र सांगणें आहे.

याविरुद्ध दोन उदाहरणें आपल्यापुढें आहेत. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानें कँडी बंधु व एतद्देशीय पंडित यांच्या साहाय्यानें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. त्या कोशांत पोथ्यांतील शब्दांबरोबर लोकांच्या तोंडचे शब्दहि आहेत, आणि अनुकरणवाचक शब्दांची तर लयलूट आहे. परकीयानें जें टिपून ठेवण्याजोगें मानिलें, तें आपण टाकाऊ कसें मानावें? दुसरें उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचें. १८८० सालीं खानदेशांत जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीस लिहितां वाचतां येत नव्हतें. तिचीं गाणीं घरच्यांनीं उतरून घेतलीं, म्हणून वांचलीं. १९५१ सालीं ती निवर्तली आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. तिनें आपली घरची बोली सोडून शहरी भाषा उसनी घेतली असती, तर आज तिचें नांव कोणी घेतलें नसतें.

एक धोका मात्र शब्दांच्या पलीकडचा आहे. भिवंडी-वाडा रस्त्यावर आज मालमोटारींची रांग तुटत नाहीं; तालुक्यांत गोदामांचीं छपरें पसरत आहेत. पोटापाण्याचे उद्योग वाढले याचें वाईट वाटावयाचें कारण नाहीं. परंतु जेथें पिंपळ नाहीं तेथें सळसळ कोणास ऐकूं येणार? आणि जेथें ती ऐकूं येत नाहीं, तेथें तो शब्द दोन पिढ्यांत सिथुरिझमइतकाच दुर्मिळ होईल. मुलें तो कोशांतून शोधून वहींत उतरतील. तानसाचें अभयारण्य अजून आपल्यापासून दूर नाहीं, वज्रेश्वरीच्या वाटेवर अजून जुनीं झाडें उभीं आहेत. तीं आहेत तोंवर ऐकून घ्यावें, आणि तीं राहावींत म्हणून जपावें.

ऐकणें हेंहि शिकावें लागतें. पवित्र शास्त्रांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. डोंगर फोडणारा प्रचंड वारा, त्यामागून भूमिकंप, त्यामागून अग्नि असें सर्व होऊन गेल्यावर त्यास एक मंद ध्वनि ऐकूं आला. त्या ठिकाणीं जुन्या ग्रीक भाषांतरकारांनीं 'कोमल झुळुकेचा ध्वनि' असा अर्थ केला आहे. ज्यास केवळ मोठा आवाज ऐकण्याची सवय झाली, त्यास तो ध्वनि कळला नसता. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ज्या शब्दापासून आपण आरंभ केला तोच 'प्सिथुरिस्मोस' करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौलानें पाठीमागें केलेल्या निंदेच्या कुजबुजीस योजिला असून तिची गणना दोषांत केली आहे. पानांची कुजबूज निर्मळ असते, माणसांची असतेच असें नाहीं. शब्द एकच, पण बोलणारा कोण हें पाहूनच त्याचा अर्थ करावा लागतो. शब्दाचा खरा उपयोग शिकणें म्हणतात तें हेंच.

तेव्हां या वर्षीं एक काम करा. एक साधी वही घ्या. घराजवळचीं दहा झाडें निवडा. प्रत्येक झाड सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं ऐका. आणि त्याच्या आवाजास तुमच्या घरीं काय म्हणतात तें आई, आजी, आजोबा यांस विचारून लिहा. शब्द कोणत्या बोलींतला, कोणत्या झाडाचा, कोणत्या महिन्यांतला, हेंहि शेजारीं नोंदवा. मराठी नसेल त्या मुलानें आपल्या भाषेंतला शब्द द्यावा. तोहि आम्हांस हवा आहे. पुढील अंकासाठीं अशा वीस वह्या जरी आल्या, तरी शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावा असा एक लहानसा कोश त्यांतून तयार होईल. त्याच्या पहिल्या पानावर, पाहुणा म्हणून, सिथुरिझम या शब्दासहि आपण आनंदानें जागा देऊं.